जागा मिळाली म्हणजे नेमके काय मिळाले?

आपल्या संस्थेच्या बैठकीत एक वाक्य वारंवार कानी पडते : "सरकारने जागा मंजूर केली, आता काय राहिले?" बँकेत कर्जाच्या फायली हाताळताना मला नेमका उलट अनुभव येतो. मंजुरीच्या दिवशी काम संपत नाही, ते सुरू होते. शासनाचा निर्णय, जागेची मालकी, प्रत्यक्ष ताबा आणि ठराविक कारणासाठी वापरण्याची परवानगी या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत व त्यांचे कागदही वेगवेगळे असतात. परमपूज्य बाबासाहेबांच्या स्मृतीशी निगडित वास्तूंवरूनच हे समजून घेऊ.

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहात होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील उच्च शिक्षण आणि बॅरिस्टरीचा अभ्यास असा तो काळ. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर सुमारे ३१ लाख पौंडांना विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आपल्यापैकी अनेकांनी त्या दिवशी पेढे वाटले. खरेदीखत झाले, पैसे दिले, किल्ली हाती आली. परंतु तेथील कॅम्डन कौन्सिलच्या नियमानुसार ते राहते घर होते. राहत्या घराचे संग्रहालय करावयाचे तर वापर बदलण्याची वेगळी परवानगी लागते, मग मालक एखादे सरकार का असेना! ही परवानगी आधी घेतलेलीच नव्हती. पुढे अर्ज केला तो २०१८ मध्ये नामंजूर झाला. राहण्याच्या जागा कमी होतात, हा कौन्सिलचा मुख्य आक्षेप. गर्दी व गोंगाटाची शेजाऱ्यांची तक्रारही होतीच. महाराष्ट्र शासनाने अपील केले, सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी परवानगी दिली. शेवट गोड झाला खरा. तरी उद्घाटनाची घाई झाली, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच वर्षांपूर्वीच एक अर्ज केला असता तर पुढची धावपळ बरीच वाचली असती.

दादरच्या चैत्यभूमीलगतच्या इंदू मिलची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. ती जमीन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे केंद्राच्या उपक्रमाची होती. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते मिलमध्ये शिरले, आंदोलन पेटले आणि डिसेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने संसदेत जागा देण्याची घोषणा केली. भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ रोजी झाले. जमिनीची कागदपत्रे मात्र राज्याच्या हाती आली ती २०१७ मध्ये! जागाही सरकारची आणि मागणारेही सरकार, तरी घोषणेपासून कागदापर्यंत चार-पाच वर्षे लागली. मग आपल्यासारख्या संस्थेला किती काळ लागेल, याचा अंदाज करावा.

असे का होते? संविधानाच्या कलम २९८ नुसार केंद्र व राज्य सरकारांना मालमत्ता घेण्याचा, बाळगण्याचा, विकण्याचा आणि करार करण्याचा अधिकार आहे. कलम २९९ सांगते की असा करार राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांच्या नावाने व्हावा आणि त्यावर अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानेच, ठरवून दिलेल्या रीतीने सही करावी. मंत्रिमहोदयांनी व्यासपीठावरून दिलेला शब्द हा करार नव्हे. विद्यार्थ्यांनी ही दोन कलमे मुळातून वाचावीत. स्पर्धा परीक्षेलाही उपयोगी पडतील.

आता भाडेपट्टा आणि परवाना यांतील फरक. भाडेपट्ट्याने ठराविक मुदतीसाठी त्या मालमत्तेत आपला हक्क निर्माण होतो. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत असावाच लागतो. परवान्याने, ज्याला आपण लिव्ह अँड लायसन्स म्हणतो, फक्त वापरण्याची मुभा मिळते. हक्क काही मिळत नाही. कंत्राट हा तिसरा प्रकार. इमारत बांधणारा किंवा सांभाळणारा कंत्राटदार मालकही नसतो आणि भाडेकरूही नसतो, पण किल्ली बहुधा त्याच्याच खिशात असते.

ही कागदाची शिस्त साहेबांच्या राज्यात प्रथम आली, असा समज आहे. तो खरा नाही. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत उषवदाताचा लेख आहे. भिक्खूसंघाला लेणे देऊन तो थांबला नाही. संघाच्या खर्चासाठी त्याने ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यातील २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर पाऊण असे व्याज ठरले. मुद्दलाला हात लावावयाचा नाही. हे सर्व निगमसभेत ऐकवून दफ्तरात नोंदविले गेले. (आमच्या मुदत ठेवीच्या पावतीवर याहून जास्त काय असते?) तेथेच गौतमीपुत्र सातकर्णीचा आदेशही कोरलेला आहे. संघाला पूर्वी दिलेले शेत कसले जात नव्हते व गाव वसत नव्हते, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील दुसरी जमीन देण्यात आली. दिलेली जमीन उपयोगी पडते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी त्या राजवटीने स्वतःकडे घेतली होती.

आता आपल्या वसाहतीतील सभागृहाकडे वळू. वीजबिल संस्थेच्या नावावर येते आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, म्हणून ते आपलेच असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आपल्याजवळ अकरा महिन्यांचा जुना परवाना आहे आणि पुढचे सारे नूतनीकरण तोंडी झाले आहे. तीन वर्षांपूर्वी देखभालीचे कंत्राट बदलले आणि नव्या माणसाने कुलूप लावले. दहावी-बारावीची मुले ऐन परीक्षेत सतरा दिवस जिन्यात बसून अभ्यास करीत होती. आपण मोर्चाची भाषा केली. पण "तुमचा हक्क दाखविणारा कागद आणा" असे सांगण्यात आले तेव्हा दाखविण्यासारखे काही नव्हते. शेवटी एका भल्या अधिकाऱ्यामुळे कुलूप निघाले. तो अधिकारी आता बदलून गेला आहे.

कार्यकारिणीने दीर्घ मुदतीच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्यासाठी अर्ज करण्याचे ठरविले असून मसुदा मी तयार केला आहे. अर्जात सभागृहाचा वापर विहार, अभ्यासिका आणि वाचनालय असा तिन्ही कारणांसाठी स्पष्ट लिहिला आहे, म्हणजे नंतर वापरावरून वाद उद्भवू नये. नोंदणी प्रमाणपत्र, घटना, ठरावाची प्रत व लेखापरीक्षित हिशेब तयार आहेत. मूळ मंजुरीपत्र मात्र संस्थेच्या कपाटात सापडत नाही. माजी पदाधिकाऱ्यांपैकी कोणाच्या घरी त्याची प्रत असल्यास त्यांनी ती सचिवांकडे पोहोचवावी. झेरॉक्स असली तरी चालेल.