पैशाचा सातबारा

परदेशात पैसे गुंतवून तिथला रहिवास मिळतो म्हटले की पहिला प्रश्न येतो तो 'किती लागतात?' हाच. अमेरिकेच्या ईबी-५ योजनेपुरते उत्तर सोपे आहे. १९९० च्या कायद्याने सुरू झालेल्या या योजनेत, मार्च २०२२ च्या सुधारणेनंतर, ग्रामीण किंवा जास्त बेकारीच्या भागात ८ लाख डॉलर आणि इतरत्र साडेदहा लाख डॉलर गुंतवावे लागतात. त्यातून किमान १० पूर्णवेळ नोकऱ्या उभ्या राहाव्या लागतात. आधी दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळते आणि नोकऱ्या उभ्या राहिल्याचे सिद्ध झाले की अट निघते. ८ लाख डॉलर म्हणजे सातेक कोटी रुपये. पण अर्जाची फाइल उघडली की रकमेचा विषय पहिल्या काही पानांतच संपतो. उरलेला गठ्ठा एकाच प्रश्नाला उत्तर देत असतो, हा पैसा आला कुठून? रहिवासाची खरी किंमत या उत्तरात आहे, आणि ती मुंबईच्या पगारदार घराला एक पडते, नंदुरबारच्या शेतकरी घराला दुसरीच.

नंदुरबारचा या कोट्यवधींच्या खेळाशी काय संबंध, असे कोणी विचारील. २०११ च्या जनगणनेत जवळपास ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी असलेला, ऊसतोडीसाठी माणसे गुजरातेत पाठवणारा हा जिल्हा. शंका रास्त आहे, पण ती जिल्ह्याचे एकच चित्र धरते. तापीकाठी शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात ऊस, केळी, पपईची बागायत आहे आणि नंदुरबारच्या बाजारात मिरचीची मोठी उलाढाल आहे. अशा भागातली शिकलेली मुले नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत जातात आणि तिथे अडकतात, कारण एका देशाला ७ टक्क्यांच्या मर्यादेमुळे नोकरीतून ग्रीन कार्ड मिळवणाऱ्या भारतीयांची रांग वर्षानुवर्षे पुढे सरकत नाही. स्वतः धंदा चालवत राहण्याचा ई-२ व्हिसा भारतीयांना मिळतच नाही, भारताचा तसा करार नाही. उरते ती ईबी-५. तिथे अर्ज मुलाचा असला तरी पैसा बहुधा आईवडिलांकडून बक्षीस म्हणून यावा लागतो, आणि नव्या कायद्याने बक्षीस देणाऱ्यालाही आपल्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो. फाइल अमेरिकेत दाखल होते, पण तिचे पुरावे तलाठी कार्यालयातून आणि आडत्याच्या दप्तरातून निघतात.

शहादा तालुक्यातल्या एका बागायतदार कुटुंबाची फाइल कल्पून पाहू. जमीन विकून पैसा उभा केला, तर खरेदीखत, मुद्रांक आणि खात्यात जमा झालेली रक्कम तर हवीच. शिवाय ती जमीन आपली कशी झाली हेही दाखवावे लागते. मग सातबारा, आठ-अ, वारसनोंदीचा फेरफार, भावांचे वाटणीपत्र, बहिणींचे हक्कसोडपत्र अशी साखळी मागे मागे जाते. जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या नोंदींसाठी कधी धुळेही गाठावे लागते. या सगळ्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करावे लागते, आणि 'पोटखराबा' (लागवडीला न येणारा भाग) किंवा 'एकुम्या' (एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक) म्हणजे काय हे परक्या अधिकाऱ्याला समजावून सांगावे लागते. त्यापुढची अडचण जास्त कठीण आहे. अमेरिकेचा कायदा सात वर्षांची करविवरणपत्रे मागतो, तर आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. ग्रामीण शेतजमीन विकली तर तिच्या नफ्यावरही कर नाही. शहाद्यासारख्या १ लाखाच्या आतल्या शहराच्या हद्दीपासून २ किलोमीटरपलीकडची आणि २०११ मध्ये लाख ओलांडलेल्या नंदुरबारपासून ६ किलोमीटरपलीकडची जमीन यात येते. करातली ही सूट कायदेशीर आहे, पण सूट मिळालेल्या पैशाने मागे कागद ठेवलेला नसतो. इथे पिकापिकांत फरक पडतो. सहकारी कारखान्याला गेलेल्या उसाचे पैसे खात्यात येतात, वजन आणि दर लेखी असतात. मिरची आडतीवर विकली आणि पैसे रोख घेतले, तर पट्टी जपून ठेवली असेल तरच ते उत्पन्न सांगता येते. घाम तितकाच गाळलेला असतो, पण एक पैसा फाइलमध्ये चालतो आणि दुसरा चालत नाही. जमिनीच्या व्यवहारात कागदाबाहेर घेतलेली रोकड तर पूर्ण निरुपयोगी. बाजारभावाने सात कोटींची जमीन खरेदीखतात चार कोटींची दिसत असेल, तर अर्जदाराच्या हाती चारच कोटी असतात.

पैसा दाखवता आला तरी तो पाठवण्याचे वेगळे गणित आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात. आईवडील दोघांचे मिळून वर्षाला पाच लाख. म्हणून अशी कुटुंबे अर्धी रक्कम मार्चमध्ये आणि अर्धी एप्रिलमध्ये पाठवतात. वर्षभरात १० लाख रुपयांवर जे जाईल त्यावर बँक २० टक्के कर आगाऊ कापते. तो पुढे विवरणपत्रातून परत मिळतो, पण आजवर विवरणपत्रच न भरलेल्या शेतकऱ्याला तेही तेव्हा सुरू करावे लागते आणि मधल्या काळात कोटभराची जुळवाजुळव वेगळी करावी लागते. कर्ज काढून पाठवू म्हटले तर अशा गुंतवणुकीसाठी बँकांनी कर्ज देऊ नये असा नियम आहे.

पैसेवाला सगळ्यातून वाट काढतोच, हा कागद म्हणजे देखावा, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. अनुभव उलटे सांगतो. जिथे माग काढणे ढिले राहिले, तिथे योजनाच बुडाली. ब्रिटनने २००८ मध्ये सुरू केलेला गुंतवणूकदार व्हिसा १७ फेब्रुवारी २०२२ ला बंद केला, तो अवैध संपत्तीला त्यातून वाट मिळते हे कारण देऊनच. मात्र आक्षेपाचा एक भाग मला मान्य आहे. बराच काळ चौकशी एकतर्फी होती. देणाऱ्याचा पैसा मुळापासून तपासला जाई आणि घेणारा त्याचे काय करतो हे कुणी तितक्या बारकाईने पाहत नसे. व्हर्मॉन्टमधल्या जे पीक प्रकल्पात शेकडो विदेशी गुंतवणूकदारांचा पैसा भलतीकडे वळवल्याचे २०१६ मध्ये उघड झाले आणि प्रवर्तकांना पुढे तुरुंगवास झाला. २०२२ च्या सुधारणेने प्रकल्पांवरची देखरेख वाढवली, तरी दिलेले पैसे परत मिळण्याची हमी आजही नाही. कायद्यानुसार गुंतवणूक जोखमीचीच असली पाहिजे. ज्याने चार पिढ्यांची जमीन विकली आहे त्याला दलालाने ही गोष्ट पहिल्या बैठकीत सांगायला हवी.

जिल्ह्यातल्या बहुसंख्यांना ही वाट मुळातच बंद आहे, आणि त्याचे कारण केवळ गरिबी नाही. महसूल संहितेनुसार आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यामुळे ती जमीन बाजारभावाने भांडवल होत नाही. ही अडवणूक काढून टाका असे म्हणणारे आहेत. मला ते घातक वाटते, कारण जमिनी किती सहज हातच्या जातात हे या भागाने पाहिले आहे आणि त्यातूनच हा कायदा कडक झाला. याच जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात वनहक्काचा दावा करणाऱ्यालाही पुरावा द्यावा लागतो, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनच्या ताब्याचा. पण तिथे नियमांनी गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा मानला आहे. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यासाठी कायदा थोडा वाकला. तिथे माणूस आधी राहतो आणि त्याचा कागद मागून होतो. ईबी-५ मध्ये रहिवास कागदावर आधी मिळतो, राहणे नंतर, आणि तिथे कोणाच्याही नुसत्या शब्दाला किंमत नाही.

म्हणून ज्या घरात हा विचार चालू आहे तिथे डॉलरच्या भावाआधी पट्ट्या, पासबुके आणि फेरफार पाहावेत. जमीन विकण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी. परदेशात स्थायिक झालेल्या मुलाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, अनिवासी म्हणूनही नाही आणि पुढे तिथले नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड मिळाले तरी नाही. वारशाने मात्र ती मिळू शकते. फाइलसाठी सगळीच जमीन विकली, तर वारशाला काही उरत नाही.