बॅटरी खचली की तिचा हिशेब चुकला?

हायब्रिड मोटार काही वर्षे सुरळीत चालते आणि मग एके दिवशी तिचे वागणे बदलते. डॅशबोर्डवर बॅटरीच्या सहा पट्ट्या दिसत असतात; एखादा चढ चढला की त्या एकदम दोनवर येतात. सिग्नलला उभ्या गाडीचे इंजिन आपोआप सुरू होते, बॅटरी भरू लागते आणि थोड्याच वेळात सगळ्या पट्ट्या पुन्हा उजळतात. मायलेज घटते. अशा गाडीवर ‘बॅटरी गेली’ हा शिक्का चटकन बसतो आणि मालकासमोर मोठा खर्च उभा राहतो. प्रत्यक्षात येथे दोन शक्यता असतात. बॅटरी खरोखर खचलेली असेल किंवा ती धडधाकट असून तिच्यातील विजेचा हिशेब तेवढा चुकलेला असेल. पहिल्या दुखण्यावर खर्चाला पर्याय नाही. दुसरे मात्र स्कॅन टूलच्या साहाय्याने, एकही सुटा भाग न बदलता बरे होऊ शकते.

पेट्रोलच्या टाकीत एक तरंगता गोळा असतो आणि इंधनाची पातळी तो थेट दाखवतो. बॅटरीत असे काहीच नसते. निकेल-मेटल हायड्राइड सेलचे व्होल्टेज तर भारणीच्या मधल्या मोठ्या टप्प्यात जवळपास सारखेच राहते. सेल निम्मा भरलेला आहे की पाऊण, हे त्यावरून सांगणे कठीण. म्हणून गाडीतील संगणक दुकानदाराच्या रोजकीर्दीचा मार्ग धरतो. वीज किती आत आली आणि किती बाहेर गेली, याची तो क्षणाक्षणाला बेरीज-वजाबाकी करत राहतो. रोजकीर्दीत पैशाची चूक राहिली तरी वर्षअखेरीस ती फुगते, तसेच येथे घडते. २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसचे उदाहरण घ्या. तिच्या बॅटरीत १६८ सेल, व्होल्टेज २०१.६, पण क्षमता अवघी ६.५ अँपिअर-तास, म्हणजे या मापात दुचाकीच्या साध्या बॅटरीच्या आसपास. प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरची चूक केवळ ०.०५ अँपिअर धरली, तरी दहा तासांच्या चालण्यात अर्ध्या अँपिअर-तासाचा घोळ होतो. एकूण क्षमतेच्या तो जवळजवळ आठ टक्के झाला.

ही चूक सहजासहजी उघडकीसही येत नाही, कारण आयुष्य वाढावे म्हणून बॅटरी कधी पूर्ण भरू दिली जात नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ दिली जात नाही. प्रियसमध्ये हा वापर साधारण चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवलेला असतो. व्होल्टेज काही ठाम सांगू शकते ते टोकांपाशी, आणि गाडी टोकांपाशी क्वचितच जाते. मग एखाद्या चढावर व्होल्टेज अचानक खालच्या मर्यादेला टेकते. वहीत साठ टक्के शिल्लक, तिजोरी मात्र रिकामी! संगणक मुकाट्याने वही दुरुस्त करतो आणि चालकाला पट्ट्या कोसळलेल्या दिसतात. म्हणजे ही घसरगुंडी बहुधा बिघाड नसून दुरुस्ती असते. ती वर्षातून एखाद्या वेळी झाली तर चिंता नको. रोज होऊ लागली तर कारण शोधावे लागते.

तपासणीसाठी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅन टूल जोडतात. बाजारातील स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाचे कोड तेवढे वाचतात. हायब्रिड बॅटरीच्या संगणकाशी बोलायला त्या गाडीला साजेसे सॉफ्टवेअर लागते, जसे टोयोटासाठी टेकस्ट्रीम, होंडासाठी एचडीएस. पहिला नियम, काहीही पुसण्याआधी सर्व वाचून लिहून ठेवावे. दुसरा नियम साधा असूनही हमखास विसरला जातो. गाडीतील १२ व्होल्टची छोटी बॅटरी सशक्त आहे ना, हे पाहावे. ती मरगळलेली असली की संगणक भलभलते कोड दाखवतात.

होंडाच्या जुन्या हायब्रिड गाड्यांत पुढची कृती अशी. बॅटरी नियंत्रकाच्या स्मरणातील जुना हिशेब पुसला जातो. १२ व्होल्टची बॅटरी काही काळ सोडवून ठेवली तरी हाच परिणाम साधतो. मग गिअर न टाकता इंजिन मिनिटाला सुमारे साडेतीन हजार फेऱ्यांवर ठेवतात. नियंत्रक कोऱ्या पाटीने सुरुवात करतो आणि हळूहळू पट्ट्या चढू लागतात. किमान तीन पट्ट्या आल्यावर गाडी अर्धा तास रस्त्यावर फिरवायची, जेणेकरून चढ, उतार, ब्रेक असे सर्व प्रसंग येतील आणि नवी वही भरू लागेल. बॅटरी वरच्या टोकापर्यंत भरली, तर आणखी एक लाभ होतो. आधीच भरलेले सेल जादा वीज उष्णतेच्या रूपात टाकून देतात, मागे पडलेले तेवढ्यात भरून घेतात आणि त्यांच्यातील विषमता थोडी मिटते.

एवढ्याने पट्ट्या स्थिरावल्या, तर दोष हिशेबाचाच होता. आठवडाभरात पुन्हा तेच सुरू झाले, तर मात्र दोष वहीत नाही, तिजोरीत आहे. त्याची खूण स्कॅन टूलच्या पडद्यावरच मिळते. प्रियसची बॅटरी १४ गटांत मोजली जाते, प्रत्येक गटात १२ सेल. गाडी जोरात पळवताना आणि ब्रेक दाबताना हे १४ आकडे एकत्र खाली-वर व्हायला हवेत. एखादा गट सतत सव्वा व्होल्टने मागे राहत असेल, तर त्यातील एक सेल मेला असे समजावे, कारण सेलचे व्होल्टेजच तेवढे असते. एखादा गट ओढ पडताच इतरांहून खोल बुडत असेल, तर त्याचा अंतर्गत रोध वाढला आहे. अशा बॅटरीला नव्याने हिशेब शिकवणे म्हणजे ताप उतरला नाही म्हणून थर्मामीटर झटकणे होय. बॅटरीचा डबा उघडणे तर घरगुती उद्योगच नव्हे. दोनशे व्होल्टचा तो एकदिश प्रवाह जीवघेणा आहे.

सॉफ्टवेअरने बॅटरीला सांभाळून घेण्यालाही किंमत असते. होंडाने २०१० मध्ये अमेरिकेतील सिव्हिक हायब्रिड गाड्यांसाठी बॅटरीवरचा ताण कमी करणारी सुधारित आज्ञावली दिली. मोटारीची मदत कमी झाली आणि मायलेज घटल्याची तक्रार मालकांनी केली. कॅलिफोर्नियातील एका महिलेला लघुवाद न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये ९,८६७ डॉलरची भरपाई दिली. मे महिन्यात वरच्या न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला.

भारतात सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये आणि प्रियस २०१० मध्ये आली. दोन्हींचा खप मर्यादितच राहिला. २०२२ पासून ग्रँड विटारा, हायरायडर, सिटी आणि इनोव्हा हायक्रॉस यांनी चित्र पालटले. यथावकाश याच गाड्या जुन्या बाजारात येतील आणि तेथे कोड पुसून गाडी विकण्याचा जुना खेळही येईल. कोड पुसल्यावर इशारा देणारा दिवा विझतो, बॅटरी सुधारत नाही. पण पुसणाऱ्याचा माग राहतो. ‘कोड पुसल्यापासून कापलेले अंतर’ ही नोंद अनेक गाड्यांत साधा स्कॅनरही दाखवतो. साठ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत ती जागा पंधरा किलोमीटर सांगत असेल, तर खरेदीदाराने बयाणा खिशातच ठेवावा आणि विक्रेत्याला सोबत घेऊन गाडी एखाद्या लांब चढावर न्यावी, पडद्यावरील गटांच्या आकड्यांवर नजर ठेवत.