चौरंगाचे पाय

विश्वकर्म्यानें सूर्याला भ्रमावर चढवून त्याचें तेज तासलें, ही पुराणकथा आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितली असेल. कन्या संज्ञा हिला पतीचें तेज सोसवेना, म्हणून पित्यानें हा उपाय योजिला. तासून निघालेल्या तेजापासून विष्णूचें चक्र, शिवाचा त्रिशूळ इत्यादि आयुधें घडलीं. 'भ्रम' म्हणजे कातकामाचें यंत्र, हा अर्थही आम्ही फळ्यावर लिहीत असूं. परंतु त्या यंत्रापुढें स्वतः उभें राहण्याचा योग पासष्टाव्या वर्षीं आला.

त्याचें कारण असें. आमच्या घरचा गणपति मातोश्रींच्या वेळच्या फणसाच्या चौरंगावर बसतो. यंदा तो माळ्यावरून काढला, तों कौलांच्या गळतीनें दोन पाय कुजलेले व तिसरा चिरलेला. चवथा तेवढा धड. "बाजारांत तयार पाय मिळतात," असें चिरंजीव म्हणाले. मिळतात खरे, पण मातोश्रींच्या हाताखालून गेलेला तो घाट त्यांस नव्हता. तेव्हां धड पाय घेऊन आम्ही गांवांतील एका वृद्ध कातारी गृहस्थांकडे गेलों. ते हंसून म्हणाले, "करून देतों; पण गुरुजी, तुम्हीच कां करीत नाहीं? गणपतीला अजून तीन महिने आहेत."

आरंभ सोपा वाटला. चौकोनी तुकड्याच्या दोन्ही टोकांस कर्ण काढावे. ते छेदतात तो मध्य. त्या मध्यांवर तुकडा यंत्रांत धरावा, गोल पटाशी टेकूवर घट्ट दाबावी आणि कोपरे उडवून लाकडाचा रूळ करावा. तत्पूर्वीं उपरणें काढून ठेवावें, बाह्या आवळाव्या आणि डोळ्यांस चष्मा लावावा. फिरतें लाकूड वस्त्र ओढून घेतें.

पहिला पाय बरा उतरला. दुसऱ्याचा मणी फुगला, तिसऱ्याचा गळा बारीक झाला. दुरुस्ती करावी तों लाकूड आणखी झिजे. काढलेला कण परत लावतां येत नाहीं! चार तुकडे वायां गेल्यावर कातारी म्हणाले, "गुरुजी, तुम्ही एका मुलाचीं सगळीं पुस्तकें संपवून मग दुसऱ्याला मुळाक्षरें शिकवीत होतां काय?"

या एका प्रश्नांत सारी विद्या होती. त्यांनीं धड पायाशेजारीं एक पातळ पट्टी धरून प्रत्येक मणी, खांच व कंगोरा यांच्या जागा तिच्यावर खुणावल्या आणि शेजारीं त्या त्या ठिकाणची जाडी लिहविली. तिन्ही रूळ प्रथम एकाच जाडीचे करावयाचे. पट्टी लावून तिघांवर खुणा करावयाच्या. मग अरुंद पटाशीनें प्रत्येक खुणेवर जाडी उतरवीत कॅलिपरनें मोजावयाचें. जाडी ठरली कीं तिघांचे मणी, नंतर तिघांच्या खांचा. हाताला एक वळण सांपडलें असतां तेंच तिघांना द्यावें. कांचकागद मात्र बेतानें. फार घांसल्यास कंगोऱ्यांची धार मरते.

हुबेहूब नक्कल करणारीं यंत्रें आज आहेतच. अमेरिकेंत टॉमस ब्लँचर्ड यानें १८१९ सालीं बंदुकीचे दस्ते नमुन्यावरून कोरणारें यंत्र काढलें. नमुन्यावर चाक फिरे आणि त्याबरहुकूम दुसरीकडे पातें चाले. सावंतवाडी किंवा चन्नपट्टण येथील खेळणीं करणारा कारागीर मात्र हाताच्या व नजरेच्या भरंवशावर एकासारखा दुसरा नग उतरवितो आणि फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून घर्षणाच्या उष्णतेनें रंग चढवितो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशीं चौरंग मांडला व मधोमध पाण्यानें कांठोकांठ भरलेली वाटी ठेविली. थेंब सांडला नाहीं. नवे पाय पिवळेजर्द दिसत होते. फणसाचें लाकूड वयपरत्वें तांबूस होतें, तेव्हां कालांतरानें तेही मिळून जातील. नातीनें मात्र चारही पायांवरून बोटें फिरविलीं आणि एकावर थांबून म्हणाली, "आजोबा, याचा गळा किंचित् जाड आहे." आम्हीं कॅलिपर लावून पाहिला, पोरगी खरें बोलत होती.

तो पाय आम्हीं भिंतीच्या बाजूस केला. पुढील वर्षीं चौरंग तिच्या हातून मांडवावयाचा आणि पट्टीही तिच्याच स्वाधीन करावयाची, असें ठरविलें आहे.