रक्तदाब कमी नव्हे, धमनी अरुंद

तरुण स्त्रीला चक्कर आली, केस विंचरताना हात वर धरवेना आणि दंडाला पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब ८० भरला, की "बीपी लो आहे, मीठ-साखरेचे पाणी घे" असा निर्वाळा घरची वडीलधारी मंडळी देतात, क्वचित दवाखान्यातही तोच मिळतो. आणि वारंवार कानी येणाऱ्या या निर्वाळ्याचा संताप येतो तो अशासाठी, की ताकायासू धमनीदाह या दुर्मीळ विकारात तो साफ चुकीचा, प्रसंगी जिवावर बेतणारा ठरतो.

या विकारात महाधमनी व तिच्या मोठ्या शाखा यांच्या भित्ती शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेने दाह पावून जाड होतात आणि आतला मार्ग आक्रसत जातो. हाताकडे जाणारी धमनी अशी अरुंद झाली, म्हणजे पट्टा अडथळ्यापलीकडचा उरलासुरला दाब तेवढा नोंदवतो, मनगटाला नाडीही लागत नाही. त्याच वेळी मूत्रपिंडाची धमनी आक्रसलेली असेल, तर अपुऱ्या रक्तपुरवठ्यामुळे मूत्रपिंड रक्तदाब वाढवणारे रेनिन स्रवू लागते, आणि हृदय व मेंदू यांना सोसावा लागणारा खरा रक्तदाब २०० च्या घरात जाऊ शकतो. अशा रुग्णाला मीठ पाजणे हा उपचार नव्हे, अपाय होय.

खातरजमा अवघड नाही. दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजावा. दोहोंतील १० मिलिमीटरहून अधिक तफावत हा अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या १९९० च्या निकषांपैकी एक आहे. दोन्ही हातांच्या धमन्या रोधल्या असतील तर ही तफावतही दिसत नाही. म्हणून मांडीला रुंद पट्टा बांधून गुडघ्यामागच्या खळगीत स्टेथोस्कोप लावावा, हंसळीच्या हाडाजवळ व बेंबीच्या बाजूला रक्ताचा सूं-सूं आवाज येतो का तेही ऐकावे, आणि संशय बळावल्यास सीटी अँजिओग्राफीची तजवीज करावी.

मिकितो ताकायासू या नेत्रवैद्याने १९०८ साली वर्णिलेला हा विकार जपानपुरता नाही. भारतात तरुणांच्या उच्च रक्तदाबामागे तो आढळतो. तो संसर्गजन्य नाही. ईएसआर ही दाहाची रक्तचाचणी नॉर्मल आली म्हणजे दाह शमलाच असे नव्हे. तातडीचा प्रसंग वगळता, दाह धुमसत असताना स्टेंट घातल्यास ती जागा पुन्हा अरुंद होण्याचा धोका वाढतो. "बरे वाटते" म्हणून दाह शमवणारे स्टेरॉइड प्रेडनिसोलोन एकाएकी बंद करणे घातक आहे. ते वैद्यांच्या सल्ल्याने क्रमाक्रमाने उतरवायचे, आणि ते उतरवता यावे यासाठीच मेथोट्रेक्सेटसारखे औषध जोडीला देतात. अपत्यप्राप्तीही निषिद्ध नाही. मात्र मेथोट्रेक्सेट गर्भाला बाधक असल्याने ते आधीच थांबवून, रक्तदाब आटोक्यात आणून मगच गर्भधारणेचा विचार करावा.