मुखवट्याच्या आतली लढाई

युरोपात ‘बुहुर्ट’ नावाचा खेळ चालतो. अंगावर मध्ययुगीन घडणीचं पोलादी चिलखत, हातात बोथट शस्त्रं, पाच विरुद्ध पाच झुंज. जमिनीवर आडवा झाला तो बाद! त्याचे व्हिडिओ पाहिले की मला आपल्या सुरगाण्याकडचा भोवाडा, म्हणजे मुखवटे घालून रात्रभर चालणारा सोंगांचा खेळ, आठवतो. जव्हार-मोखाड्याकडे त्यालाच बोहाडा म्हणतात.

भोवाड्यातल्या झुंजीत कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, पण मेहनत तेवढीच. आधी डोक्याला फडकं गुंडाळायचं, मग लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा मुखवटा घट्ट बांधायचा. बघायला बारीकशी भोकं. तेवढ्यातून टेंभ्याच्या उजेडात समोरचा वार चुकवायचा आणि पाय मात्र संबळाच्या ठेक्यावरच पडले पाहिजेत. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. शिरस्त्राण घातलेल्या खेळाडूचीही हीच अडचण.

रात्रभर देव-दानवांची सोंगं येतात आणि शेवटी देवी-महिषासुराची झुंज. बऱ्याच गावांत ठरावीक सोंग ठरावीक घराण्याकडेच असतं, बापाकडून मुलाकडे येतं. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

होळीनंतर उन्हाळ्यात भोवाडे होतात, तारखा गावागणिक वेगळ्या. येणार असाल तर मध्यरात्री उठून जाऊ नका, देवीची झुंज चुकेल.