मूत्रपिंडावरची पाण्याची गाठ आणि नसेचे दुखणे

कंबर दुखते, कळ मांडीतून पोटरीपर्यंत उतरते, रात्री कूस बदलता येत नाही. घरचे म्हणतात, एकदा सोनोग्राफी करून घ्या. कागदावर लिहून येते, 'उजव्या मूत्रपिंडात साधी सिस्ट, आकार तीन सेंटिमीटर.' झाले! किडनीला गाठ आहे, तीच नस दाबते आहे, आता ऑपरेशन, मग डायलिसिस, अशी चर्चा घरात सुरू होते. अशा भीतीपायी मुदतठेव मोडायला आलेली माणसे बँकेत काउंटरवर दिसतात. म्हणून डॉक्टरांना विचारून व वाचून या विषयाची जी माहिती मिळाली, ती वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहे.

मूत्रपिंडे पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आड असतात. प्रत्येकाची लांबी १० ते १२ सेंटिमीटर, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. रक्त गाळणारे सुमारे १० लाख सूक्ष्म घटक एकेका मूत्रपिंडात असतात. वय वाढले की एखादी बारीक नळी फुगते, तिच्यात पाणी साठते आणि तिची छोटी पिशवी बनते. हीच साधी सिस्ट. पन्नाशीपुढच्या माणसांचा सिटी स्कॅन केला तर साधारण चौघांपैकी एकाला ती सापडते. केस पिकावेत तसा हा प्रकार आहे. ती मूत्रपिंडाचे काम बिघडवीत नाही व बहुतेकांना जन्मभर तिचा पत्ताही लागत नाही.

मग ती दुखतच नाही काय? दुखते, पण क्वचित. फार मोठी झाली, आत रक्तस्राव झाला, जंतुसंसर्ग झाला किंवा फुटली तर दुखते. हे दुखणे कुशीत, बरगडीखाली असते. फार तर पुढे पोटाकडे किंवा जांघेकडे जाते. मूत्रपिंडाच्या मागून काही नसा ओटीपोटाच्या व जांघेच्या कातडीकडे जातात. एखादी अतिशय मोठी गाठ त्यांना त्रास देऊ शकते. परंतु गुडघ्याखाली, पोटरीत आणि पावलात जाणारी जी जाड नस, ती कमरेच्या खालच्या मणक्यांतून निघते. मूत्रपिंडावरच्या साध्या गाठीचा तिच्याशी संबंध येत नाही.

(आपल्या बोलण्यात रक्तवाहिनीही नस आणि मज्जातंतूही नस. येथे मज्जातंतूच समजावा.)

पोटरीपर्यंत कळ, पायाला मुंग्या, अंगठ्याला बधिरपणा, ही लक्षणे बहुधा मणक्यांमधली गादी सरकून नस दबल्याची असतात. मिक्स्टर व बार या बोस्टनच्या दोन डॉक्टरांनी १९३४ साली हा संबंध मांडला. त्यापूर्वी सायटिकाची कारणे भलतीकडेच शोधली जात. कुशीत आग होऊन दोन-चार दिवसांनी पुरळ उठले तर ती नागीण; तेही नसेचेच दुखणे, पण पुरळ उठेपर्यंत अनेकांना तो मुतखडा वाटतो. आणखी एक गोंधळ 'सिस्ट' या शब्दाचा. माकडहाडाच्या वरच्या भागात नसेच्या मुळावरच पाण्याची पिशवी होऊ शकते. टार्लोव्ह या डॉक्टरांनी १९३८ साली तिचे वर्णन केले, म्हणून ती टार्लोव्ह सिस्ट. तिच्यामुळे कधीकधी खरोखर नस दुखते, मात्र मूत्रपिंडाशी तिचे काही नाते नाही. रिपोर्टवर सिस्ट कोठे आहे, हे आधी विचारावे.

आता खऱ्या धोक्याकडे येतो. ज्या गाठीला आपण भितो ती निरुपद्रवी असते आणि ज्या गोळीवर विश्वास टाकतो ती मूत्रपिंडाला मारते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. चार दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्याने, ठीक आहे. पण चिठ्ठीशिवाय दुकानातून पान आणायचे आणि महिनोन्‌महिने खायचे, हे आपल्या वस्तीत सर्रास चालते. मधुमेह, रक्तदाब किंवा उतारवय असेल तर धोका अधिक. गुरांना दिलेल्या याच डायक्लोफेनॅकमुळे, मेलेली गुरे खाऊन, आपल्या देशातली गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. २००६ साली सरकारला जनावरांसाठी त्यावर बंदी घालावी लागली. आयुर्वेदात सायटिकाला गृध्रसी म्हणतात, रोगी गिधाडासारखा चालतो म्हणून. असो. महिनाभराहून अधिक गोळ्या घेतल्या असतील त्यांनी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासावीत. गाठ काढण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी.

पायांना मुंग्या येतात व मूत्रपिंडही बिघडले आहे, असे दोन्ही एकत्र दिसले तर मधुमेहाचा विचार आधी करावा. साखर दोघांनाही पोखरते.

सर्वच गाठी साध्या असतात असे मात्र नाही. बोस्नियाक या अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञांनी १९८६ साली गाठींची वर्गवारी केली, ती सुधारून आजही वापरतात. पातळ भिंतीची, आत नुसते पाणी असलेली गाठ सोडून द्यायची. जाड भिंत, पडदे किंवा आत मांसल भाग असेल तर कर्करोगाची शंका घेऊन पुढील तपासणी करायची. लघवीतून रक्त, ताप किंवा वजन घटणे, यांकडे दुर्लक्ष नको. आणि कंबरदुखीच्या माणसाची लघवी अडली, जांघेमधली जागा बधिर झाली, तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्यावे. तेथे नसेचा प्रश्न तासांचा असतो.

एक आजार अगदी निराळा. दोन्ही मूत्रपिंडांत असंख्य गाठी होतात, मूत्रपिंडे फुगत जातात, कुशीत सतत दुखते आणि हळूहळू काम बंद पडते. याला पॉलिसिस्टिक किडनी म्हणतात. हा बहुतेक वेळा आई किंवा वडिलांकडून येतो. दोघांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला होण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. येथे लोक लपवतात. मुलीचे लग्न जुळणार नाही म्हणून वडिलांच्या डायलिसिसचे कारण 'साखर' सांगितले जाते आणि तिशीतल्या मुलाचा रक्तदाब कोणी मोजत नाही. रक्तदाब लवकर आवरला तर हृदयाचे रक्षण होते, मूत्रपिंडालाही आधार मिळतो. घरातला सख्खा भाऊ मूत्रपिंड द्यायला पुढे आला, तर आधी त्याचीच सोनोग्राफी होते, कारण तोच आजार त्याच्याही पोटात असू शकतो.