विश्लेषण : जंगल वाघाचे की माणसाचे? ‘जंगलनामा’तील भावंडे काय सांगतात?

बिबट्या वस्तीत शिरला, वाघाने गुराखी मारला, की जंगल वाचवायचे की माणूस, हा वाद आपल्याकडे हमखास पेटतो. सुंदरबनात हा प्रश्न पिढ्यानपिढ्या एका अद्भुत कथेतून मांडला गेला आहे. ज्ञानपीठ पुरस्कारप्राप्त लेखक अमिताव घोष यांनी ती ‘जंगलनामा’ (२०२१) या पुस्तकात इंग्रजी पद्यात नव्याने सांगितली. त्यात भावंडांच्या दोन जोड्या आहेत आणि त्यांचे मार्ग अगदी वेगळे आहेत.

पुस्तक कशावर आधारलेले आहे?

गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी भारत व बांगलादेशात मिळून सुमारे १० हजार चौरस किलोमीटरवर सुंदरबनचे खारफुटी जंगल पसरले आहे. तेथील बोनबीबी या वनदेवीची कथा १९व्या शतकात ‘बोनबीबी जहुरानामा’ या बंगाली काव्यात छापली गेली. मजकूर बंगालीत, पण पाने उलटायची अरबी पुस्तकासारखी उजवीकडून डावीकडे! आजही हिंदू आणि मुस्लीम दोघेही जंगलात शिरण्यापूर्वी बोनबीबीचे नाव घेतात. घोष यांनी ‘द हंग्री टाइड’ (२००४) या कादंबरीतही ही कथा वापरली होती. ‘जंगलनामा’साठी त्यांनी बंगाली पयार छंदाचा बाज इंग्रजीत आणला. चित्रे सलमान तूर यांची आहेत.

भावंडांची पहिली जोडी कोणती?

बोनबीबी आणि तिचा जुळा भाऊ शाह जंगली. ही दोघे अरबस्तानातून भरती-ओहोटीच्या या प्रदेशात येतात. तेथे वाघाचे रूप घेणाऱ्या दोख्खिन रायची दहशत असते. बहीणभाऊ त्याला हरवतात, पण मारत नाहीत. बोनबीबी जंगलाची वाटणी करते. काही भाग माणसांसाठी आणि घनदाट जंगल दोख्खिन रायसाठी. हद्द दोघांनीही पाळायची.

आणि दुसरी?

धोना आणि मोना हे भाऊ. धोना श्रीमंत आहे, तरी मध आणि मेण लुटून आणण्यासाठी त्याला सात गलबते घेऊन रायच्या हद्दीत जायचे आहे. आहे तेवढे पुरेसे आहे, असे मोनाचे मत. धोना ऐकत नाही. माणसे कमी पडतात म्हणून तो दुखे या गरीब, बापाविना वाढलेल्या पोराला सोबत घेतो. जंगलात दोख्खिन राय सौदा मांडतो. गलबते भरून देतो, बदल्यात दुखे हवा. धोना पोराला बेटावर सोडून निघून जातो. वाघ झेपावणार तोच आईने सांगितलेले आठवून दुखे बोनबीबीला हाक मारतो. ती भावासह धावून येते आणि त्याला वाचवते.

कथेचा रोख कुठे आहे?

वाघ येथे भयंकर आहे, पण त्याला स्वतःचे घर आहे. हद्द मोडतो तो माणूस, आणि तोही उपाशी नसलेला. कथा गरजेला परवानगी देते, हव्यासाला नाही. मध गोळा करणाऱ्यांचा आजही संकेत आहे की जंगलात रिकाम्या हाताने आणि स्वच्छ मनाने जावे, गरजेपुरतेच घ्यावे.

त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे किंमत कोण मोजतो ही. हव्यास धोनाचा, वाघापुढे उभा दुखे. जंगलालगतच्या खऱ्या गावांतही तेच दिसते. मध आणि खेकड्यांसाठी आत जाणारा बहुधा ज्याच्याकडे दुसरा पर्यायच नाही, तो असतो. वाघाने नवरा नेलेल्या विधवांची घरे सुंदरबनात आहेत.

महाराष्ट्राशी काय नाते?

आपल्याकडे वारली समाज वाघोबाला पुजतो. पालघर, ठाण्यापासून मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत त्याची ठाणी आहेत. त्या श्रद्धेतही वाघ हा शेजारी आहे. त्याचा मान राखायचा आणि आपल्या माणसांना, गुरांना सांभाळ म्हणून त्याला विनवायचे. अशा श्रद्धेने हल्ले थांबत नाहीत. त्यासाठी भरपाई, रात्रीचा उजेड, सुरक्षित गोठे लागतातच. पण जंगल की माणूस, यावर हातघाईला येण्याआधी ‘जंगलनामा’ एक प्रश्न हातात देते : सात गलबते कोणाची, आणि बेटावर सोडला गेला तो कोण?